आश्रयाची किंमत बुऱ्हाणपूरने मोजली

रावेर तालुक्यातील एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी बुऱ्हाणपूरला न्यायचे, हा आमच्याकडचा जुना प्रघात आहे. शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशचा कारभार तेथूनच चाले. सहलीचा क्रम बहुधा ठरलेला असतो: शाही किल्ला, तेथील हमामखाना, 1631 मध्ये याच शहरात झालेल्या मुमताजमहलच्या मृत्यूची हकीकत आणि परतताना मावा जिलेबी. गेल्या वर्षी मात्र मी विषय बदलून माळव्याचा सुलतान बाजबहादूर याच्यावर बोलायचे ठरवले, कारण त्याच्या वनवासातला जो भाग आपल्या मातीत घडला, तो आपल्याकडे जवळजवळ कोणी सांगत नाही.

रूपमती आणि बाजबहादूर यांची प्रेमकथा मुलांना ठाऊक होती. 1561 मध्ये सारंगपूरच्या लढाईत अकबराचा सरदार अधमखान याने बाजबहादूराचा पराभव केला आणि रूपमतीने विष घेतले, येथे ती कथा संपते. राज्य गमावलेला राजा पुढे कोठे गेला, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. तो खान्देशात आला, मीरान मुबारकशाह फारुकीच्या आश्रयाला. एवढे सांगितल्याबरोबर तापीकाठच्या त्या भिंतींकडे मुले निराळ्या नजरेने पाहू लागली.

मुबारकशाहाने त्याला ठेवून घेतले, यात औदार्य किती आणि हिशेब किती, हे सांगणे मला फारसे अवघड वाटत नाही. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी वाट बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याने जाते. माळवा स्वतंत्र असेपर्यंत मुघल फौज आणि ही वाट यांच्यामध्ये एक आडोसा होता. तो नाहीसा झाल्यावर पुढचा घाव खान्देशावरच पडणार, हे फारुकींना कळत होते. म्हणून पदच्युत राजा हा त्यांच्या दृष्टीने माळवा परत उभा करण्याचे साधनही होता. वऱ्हाडचा सत्ताधारी तुफालखान पुढे त्यांना सामील झाला, तोही याच भीतीपोटी.

अधमखानाला अकबराने परत बोलावल्यावर माळव्याची सूत्रे पीर मुहम्मदखानाकडे आली आणि तो बाजबहादूराचा माग काढत नर्मदा ओलांडून खान्देशात घुसला. बुऱ्हाणपूर आणि असीर येथे त्याने जी कत्तल केली, तिचे वर्णन इतिहासकार बदाउनीने केले आहे. बदाउनी हा अकबराच्याच पदरी असलेला, म्हणजे विजेत्यांच्या बाजूचा माणूस, आणि तरीही पीर मुहम्मदाच्या क्रौर्याविषयी त्याने हातचे राखून लिहिलेले नाही. लूट घेऊन तो परतत असताना मुबारकशाह, तुफालखान आणि बाजबहादूर यांच्या फौजांनी त्याचा पाठलाग केला. नर्मदा उतरताना उंटांची रांग आदळून पीर मुहम्मदाचा घोडा बिथरला आणि तो बुडून मेला. अनाथांचे आणि बंदिवानांचे तळतळाट त्याला भोवले, अशा अर्थाचे बदाउनी लिहितो.

मी हे सांगत असताना एक विद्यार्थिनी उभी राहिली. तापीवरील धरणाच्या बुडिताखाली गेलेल्या एका गावातल्या कुटुंबातली ही मुलगी. एरवी तासाला फारसे बोलत नाही. तिने विचारले, “सर, पाव्हना राजाचा होता ना? मंग लोकं काबरं मेले गावचे?”

असीर हा त्या घराण्याचा भरवशाचा किल्ला होता. शहराला तसा भरवसा नव्हता, हे मी तिला सांगितले. सकाळी ज्या कोटाच्या वेशींपुढे मुलांनी फोटो काढले होते, तो कोट 18व्या शतकात निजाम-उल-मुल्काने बांधलेला असून 1562च्या सुमारास तो नव्हताच, हेही सांगितले. मी या प्रसंगाकडे नेहमी दरबाराच्या राजकारणातून पाहत आलो आहे आणि पाठ्यपुस्तकेही तसेच पाहतात. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ मात्र विणकर, भिस्ती आणि बाजारातले दुकानदार यांच्यावर बोलण्यात गेला. कोणी त्यांना विचारून पाहुणा ठेवला नव्हता. राजांच्या यादीपलीकडच्या विषयावर मुले एवढ्या तावातावाने बोललेली मी क्वचितच पाहिली आहेत.

पुढची हकीकत मुलांना अधिकच बोचली. बाजबहादूराला माळवा परत मिळाला, पण थोड्याच काळात अब्दुल्लाखान उझबेगाने तो पुन्हा हिसकावला. मग बागलाणचा भारजी राजा, गुजरातचे सरदार, अखेरीस मेवाडचा राणा उदयसिंह अशी दारे त्याने पालथी घातली. इकडे 1564 मध्ये अकबर मांडूला आला, तेव्हा मुबारकशाहाने त्याच्याशी समेट करून आपली मुलगी त्याला दिली. 1570 मध्ये खुद्द बाजबहादूर अकबराला शरण गेला, एक हजाराची मनसब घेऊन दरबारी झाला, आणि अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने दरबारातील गायकांच्या यादीत त्याला बिनजोड गवई म्हणून नोंदवले. ज्याच्यासाठी शहर कापले गेले, तो कापणाऱ्यांच्या धन्यापुढे गाऊ लागला, असे एका मुलाने म्हटले. मला हा निवाडा थोडा कठोर वाटतो. आठ वर्षे परक्यांच्या दारी काढलेल्या माणसापुढे दुसरा मार्ग फारसा उरत नाही.

दुपारी असीरगडावर मी त्यांना 1601ची गोष्ट सांगितली. याच मुबारकशाहाचा नातू बहादूरशाह अकबराकडून हा किल्ला गमावून ग्वाल्हेरच्या कैदेत गेला आणि खान्देशचे राज्य संपले.

परतीच्या गाडीत वाद पेटला: मुबारकशाहाने आश्रय द्यायला हवा होता की नाही? बहुतेक मुले ‘नाही’च्या बाजूची होती. ती मुलगी मात्र ‘द्यायलाच हवा’ म्हणाली आणि पुढे तिने अट घातली, की आश्रय द्यायच्या आधी गावाला निघून जायला वेळ द्यावा. “आमच्या आजोबांना नोटीस तरी आली होती,” ती म्हणाली. सहलीच्या अहवालात मी तिचा प्रश्न आणि तिची अट, दोन्ही तिच्याच शब्दांत नोंदवले आहेत, आणि या वर्षीच्या प्रकल्पाला विषय दिला आहे तो बुऱ्हाणपूरच्या विणकर वस्त्यांचा.