पेटी बहिणीच्या नावावर होती

अमेरिकेच्या यादवी युद्धात गेलेल्या एका शिपायाची पत्रं मी शोधत होतो, आणि चार महिने मला एकच उत्तर मिळत होतं, "या नावाची पत्रं आमच्याकडे नाहीत." पत्रं तिथेच होती, मी उभा असायचो त्या टेबलामागच्या कपाटात. अजून आठवलं की जीव तळमळतो.

आम्ही ओहायोतल्या एका लहान गावात राहतो. चौकातल्या स्मारकावर १८६१ ते १८६५ च्या, उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या त्या यादवी युद्धात गेलेल्या गावच्या पोरांची नावं कोरली आहेत. लेकीला शाळेसाठी त्यातल्या एकाची माहिती हवी होती. तिचं काम दोन आठवड्यांत संपलं, मला मात्र तो मुलगा सोडवेना. नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या सैनिकांच्या ऑनलाइन यादीत त्याची रेजिमेंट, कंपनी लगेच सापडली. पण मला त्याचं अक्षर बघायचं होतं.

जवळच्या एका इतिहास संस्थेत गावकऱ्यांची जुनी पत्रं आहेत असं कळलं. संस्था आठवड्यातून दोनच दुपारी उघडी. मी अर्धी रजा टाकून जायचो. पहिल्या खेपेला आडनाव विचारलं, वही चाळली, नाही म्हणाले. दुसऱ्या खेपेला आडनावाची तीन वेगवेगळी स्पेलिंग लिहून नेली, तरी नाही. मग रेजिमेंट सांगितली, तर म्हणाले, "आम्ही रेजिमेंटप्रमाणे लावत नाही, नावाने लावतो." कोणाच्या नावाने, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एकदा गेलो तर दाराला कुलूप. ईमेलला तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तेही तेच. वही मला स्वतःला बघू द्या म्हटलं, तर तशी पद्धत नाही. तुम्ही गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा : पत्रं दिली कोणी, आणि पेटी कोणाच्या नावावर आहे?

कोडं सुटलं ते वॉशिंग्टनला. कामानिमित्त गेलो होतो, एक दिवस राष्ट्रीय अभिलेखागारात काढला. (पेन नेऊ नका, पेन्सिलच चालते. मोबाइलने फ्लॅशशिवाय फोटो काढता येतात. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांचे पेन्शनचे कागद मात्र त्या त्या राज्याकडे शोधावे लागतात.) त्याच्या आईची पेन्शनची फाइल समोर आली.

जुलै १८६२ च्या कायद्याने मेलेल्या शिपायाच्या विधवेला, आणि बायकोमुलं नसतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला, महिना ८ डॉलर मिळत. पण मुलगा आपल्याला पोसत होता हे आईने सिद्ध करायचं. या बाईकडे पुरावा होता तो त्याच्या दोन पत्रांचा. शिपायाचा पगार १३ डॉलर, आणि पत्रात तो लिहितो की १० पाठवतोय. त्या ओळीखाली कोणीतरी रेघ ओढली आहे. पत्राची सुरुवात त्या काळच्या ठरीव वाक्याने, मी खुशाल आहे, तुम्हीही खुशाल असाल. आपलं 'इकडील सर्व क्षेम'च ते. आईने ही दोन पत्रं सरकारला दिली ती कायमची. १८६३ साली टेनेसीतल्या मर्फ्रीझबरोला तो हगवणीने गेला. त्या युद्धात गोळीपेक्षा रोगानेच जास्त माणसं नेली. तिथे बसून मला रडू आलं, हे लिहायला संकोच वाटत नाही.

त्याच फाइलमध्ये साक्षीदार म्हणून त्याच्या बहिणीची सही होती, सासरच्या आडनावाची. परत येऊन संस्थेत तेवढं आडनाव सांगितलं. दहा मिनिटांत पेटी टेबलावर, आत ३१ पत्रं! आमच्या आजोबांची फौजेतली पत्रंसुद्धा आत्याच्याच ट्रंकेत निघाली होती. मला हे आधीच सुचायला हवं होतं.

वाचताना घाई करू नका. कागद वाचवायला तो पान फिरवून आधीच्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहितो. स्पेलिंग कानाला ऐकू येईल तसं, त्यामुळे मोठ्याने वाचलं की अर्थ लागतो. काही पाकिटांवर तिकीट नाही, 'सैनिकाचं पत्र' असा शेरा आहे. तेव्हा टपालखर्च घेणाऱ्याने भरला तरी चाले.

मी संस्थेला लेखी विनंती केली की वहीत बहिणीच्या नावाशेजारी त्याचंही नाव चढवा. मागे लागावं लागलं, पण गेल्या मंगळवारी माझ्यासमोर चढवलं.