तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्यावरचं ते गोल

घर बघून झालं, तुळयांचं कौतुक झालं, की नजर ओट्यावरच्या त्या फिकट गोलावर जाते. "हे निघत नाही का? मग ग्रॅनाइटच का नाही बसवलंत?" चार वर्षं मी विषय बदलत आले. आज सांगते.

तो डाग नाही. डागात बाहेरचा रंग आत मुरतो; इथे दगडच झिजलाय. हा इटलीतल्या काराराचा संगमरवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो, वाइन, काहीही आंबट सांडून राहिलं की वरचा थर विरघळतो आणि चकाकी जाते. सीलर लावला होता हो. सीलर डाग मुरू देत नाही, आम्ल अडवत नाही. घासून काही होत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं.

आणि हे सगळं माहीत असूनच मी तो घेतला. इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या जुन्या शेतघरांच्या स्वयंपाकघरांनी मला वेड लावलं होतं: चुन्याचा गिलावा, भाजक्या मातीच्या फरशा, पीठ मळायची 'मादिया' नावाची लाकडी पेटी. मला जुनं, वापरलेलं, हात लागलेलं स्वयंपाकघर हवं होतं. निदान मी तसं सांगत फिरायचे.

ओटा बसवून अकरा दिवस झाले होते. आई राहायला आली होती. रात्री तिने लिंबूपाणी केलं, उरलेला पेला ओट्यावर ठेवला आणि झोपायला गेली. सकाळी पेला उचलला तर खाली नेमकं गोल. बोट फिरवलं, खरखरीत लागलं. आणि मी ओरडले. "तुला एवढंही कळत नाही का? हा काय तुझा जुना ओटा आहे?" जिच्याकडून मी ओटा पुसायला शिकले, तिला. ती काही बोलली नाही. ओलं फडकं घेऊन घासायला लागली. मग हळूच खाण्याचा सोडा मागितला. मी दिला. निघणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी डबा काढून दिला आणि बघत उभी राहिले. अर्धा तास ती घासत होती. मी एकदाही "राहू दे" म्हटलं नाही. तिला घासू द्यायचंच होतं मला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढचे सगळे दिवस आई जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून भाजी चिरत होती.

रागावण्यासारखं काही नव्हतं असं नाही. दगड महाग होता, पै पै साठवून आणला होता. पण मॅट फिनिश घेतलं असतं तर ते गोल इतकं उठून दिसलंच नसतं. चकाकी मी मागितली होती. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघराला आरशासारखा ओटा कशाला, हे तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं. ती म्हणेल, सुंदर दिसतो म्हणून. खोटं नाही तेही.

ती शेतघरं कसणाऱ्यांची होती. 'मेझाद्रिया' पद्धतीत पिकाचा साधारण अर्धा वाटा मालकाला जायचा. 1964 च्या कायद्याने तसे नवे करार बंद झाले. त्याच्या आगेमागे कितीतरी कुटुंबं शहराकडे गेली आणि घरं ओस पडली. ज्या खडबडीतपणावर मी भाळले, तो त्या बायकांचा नाइलाज होता. हे वाचल्यावरही मला ते स्वयंपाकघर आवडतंच, आणि त्या आवडण्याचं काय करायचं ते कळत नाही.

पुन्हा पॉलिश का करून घेत नाही? दोनदा माणूस बोलावला, दोनदा नको म्हणून कळवलं. आठवण म्हणून ठेवलंय असं म्हणायचा मोह होतो, पण काही दिवस ते गोल मला नुसतं खुपतं.

आई अजूनही येते. "ठेव गं तसाच, काही होत नाही," मी म्हणते. ती "हो" म्हणते, फडक्याची घडी घालते, ओट्यावर ठेवते आणि मग तिच्यावर पेला.