टाचेतला दोरा

चिकोडी मागं पडली तेव्हाच डाव्या टाचेला फोड आलावता, पण दिंडीत सांगणार कुणाला, सगळ्यांचेच पाय तसले. अंकलीत शितोळे सरकारांच्या वाड्याकडं लांबनंच हात जोडले, माऊलींच्या पालखीचे घोडे तिथलेच, ते कधीच आळंदीला गेलेले.

मांजरीच्या पुलाजवळ नदीकडंला बसलो, पाय पाण्यात सोडणार एवढ्यात मागनं आवाज, "ब्याड्री अण्णा, ब्याड!" म्हणजे कानडीत नको, नको. एक म्हातारी अक्का, कमरेवर घागर. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, नवं पाणी आलंय, फोड चिघळतंय. खाली बघितलं तर चहाच्या चोथ्यागत पाणी, कडंला फेस, दोन मासे पोट वर करून. दरवर्षीचंच हाय हे. उन्हाळाभर बंधाऱ्यात पाणी तुंबलेलं, त्यात वरच्या गावांचं सांडपाणी, पंचगंगेतनं इचलकरंजीकडचं आणि कारखान्यांची मळी नरसोबाच्या वाडीला येऊन कृष्णेत मिसळणार, मग पहिला पाऊस झाला, बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढले की तळाची घाण ढवळून एकदम खाली येते, पाण्यातला ऑक्सिजन संपतो नि मासे जातात. पूर येऊन गेला की सगळे विसरतात, पुढं उन्हाळ्यात कोयनेचं पाणी सोडा म्हणायला तेवढी नदी आठवते.

अक्कानं घागरीतलं बोअरचं पाणी ओतून टाच धुतली. मला लाजच वाटली, आईच्या वयाची बाई. मग पदराला टोचलेली सुई काढली, काडी ओढून तापवली, दोऱ्याला हळद चोळून फोडातनं आरपार ओवला आणि दोन्ही टोकं तशीच लोंबत ठेवली, त्यातनं पाणी झिरपून जातंय म्हणे. पैसे काढले तर रागावली. पाया पडायला गेलो तर तीच माझ्या पाया पडली, वारकरी ना मी!

आणि तेवढ्यात आमचीच पोरं जेवलेल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या पुलावरनं खाली भिरकावतेत, तोंडानं ज्ञानबा-तुकाराम चालूच. ओरडलो तर म्हणतात, लई शाणा झालास काय. संध्याकाळपर्यंत बोललो नाही, टाळपण धरला नाही. रात्री कागवाडला हरिपाठात मात्र रडूच आलं, का ते माहीत नाही.

मिरज, सांगोला कसं गेलं आठवत नाही. पंढरपुरात चंद्रभागा भरून होती, म्हणजे उजनीतनं सोडलेलं पाणी, पुणे-पिंपरीचं सगळं पोटात घेऊन आलेलं. तरी उतरलो. दोरा अजून टाचेतच, म्हणून डावा पाय वर धरून, काकांच्या खांद्याचा आधार घेऊन कशीबशी बुडी मारली.

काका म्हणाले, "बगळा झालायस की रे!"