आमची वाटचाल : चाळीस कार्डं पाण्यात आणि पुढचं सगळं

2016 च्या दिवाळीला आम्ही पहिली चाळीस ग्रीटिंग कार्डं छापली आणि चाळीसच्या चाळीस फुकट गेली, आमच्या धंद्याचा नारळ तो असा फुटला. कोल्हापुरात शाहूपुरीत घराच्या तळमजल्यावरची पुढची खोली, त्यात एक इंकटँक प्रिंटर, आमचे हे दिवसभर नोकरीवर, चित्रं मी काढायची आणि छापायचीपण मीच. नणंदेच्या ऑफिसातून ऑर्डर मिळालेली. कागद कुठला आणला तर लग्नपत्रिकेला वापरतात ते आर्ट कार्ड, 300 जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन 300 ग्रॅम), दोन्ही बाजूंनी चकचकीत, हातात घेतलं की नाद खुळा! छापून बाहेर आलं तेव्हाबी एक नंबर दिसत होतं. सकाळी उठून बघते तर शाई तशीच ओली, बोट लागलं की पणतीचा जाळ थेट रांगोळीत.

दुकानदाराची चूक नव्हती, मीच 'ग्लॉसी जाड कागद द्या' म्हणाले आणि त्यानं दिला. चूक ही की ग्लॉसी म्हणजे एकच काहीतरी असतं असं मला वाटायचं. आर्ट कार्डवर खडूच्या भुकटीसारखा घट्ट थर दाबून चकाकी आणलेली असते, तो ऑफसेटच्या, म्हणजे छापखान्यातल्या मोठ्या मशीनच्या तेलकट शाईसाठी. आपल्या घरच्या इंकजेट, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवणाऱ्या प्रिंटरची शाई पाण्यातली, ती त्या थरात मुरतच नाही, वर तळं करून बसते. इंकजेटसाठीच्या ग्लॉसी कार्डचं कोटिंग वेगळं असतं, त्यात डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, शाई आत ओढली जाते आणि वरची चमक तशीच राहते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर दिसायला जवळजवळ सारखेच, म्हणून तर माणूस फसतो. तेव्हापासून दुकानात माझा पहिला प्रश्न एकच, इंकजेटचं आहे का? आणि याच्या उलटं तर अजिबात करू नका. ओळखीच्या एकानं इंकजेटचं ग्लॉसी लेझर प्रिंटरमध्ये घातलं, आत टोनर, म्हणजे शाईची भुकटी चिकटवणारा रोलर चांगलाच तापलेला असतो, कोटिंग वितळून त्याला चिकटलं आणि रिपेरीच्या खर्चात चार-पाच पाकिटं कागद आला असता.

दुसरा धडा गिऱ्हाईकानं दिला. चूक सुधारायची म्हणून मी दोन्ही बाजूंनी ग्लॉसी असलेलं महागडं कार्ड आणलं, संक्रांतीची कार्डं छापली, दिसायला झकास. आठवड्यानं एक काकू आल्या, म्हणाल्या, "अगं, आत लिहायचं कसं? बॉलपेन घसरतंय आणि जेल पेननं लिहिलं तर हाताला लागतंय." त्यांचं बरोबर होतं की. ग्रीटिंग म्हणजे आत दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहायची वस्तू, तिथं चमक काय करायची? आता आम्ही एकाच बाजूला ग्लॉसी, आत साधं असलेलंच कार्ड घेतो, लोक कितीही म्हणू देत की डबल साइड भारी.

जाडीचं म्हणाल तर 200 ते 250 जीएसएमच्या पुढं घरच्या प्रिंटरला जायची मला तरी गरज वाटत नाही, मधे घडी घातली की दोन पदर होतातच. आणि कार्ड मागच्या ट्रेमधून घालायचं, पुढच्या ट्रेतून घातलं तर कागद आत पूर्ण वळसा घेऊन येतो आणि जाड असला की अडकतो नाहीतर वाकडा होऊन बाहेर पडतो. पाकिटावरच्या आकड्यावरबी डोळे झाकून विश्वास नको. एकदा 250 लिहिलेलं पाकीट हाताला पातळ लागलं म्हणून सासूबाईंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. ए4 चे सोळा कागद म्हणजे बरोबर एक चौरस मीटर, म्हणजे सोळा कागदांचं जेवढे ग्रॅम वजन भरेल तेवढंच जीएसएम. भरलं 208. दुकान कुठलं ते सांगत नाही, पण पाकीट परत घेतलं त्यांनी.

घडीला तडा जाऊन पांढरी रेघ दिसायची, त्याचंबी कारण उशिरा कळलं. कागदाला धागा असतो, म्हणजे आतले तंतू बहुतेक एकाच दिशेनं असतात, हलकेच वाकवून बघितलं की कुठल्या बाजूनं सहज वाकतो ते कळतं, घडी त्याच दिशेनं घालायची. आधी रिकाम्या रिफीलनं पट्टी धरून रेघ दाबून घ्यायची. एवढं केलं तरी कोटिंग जाड असलं तर गडद रंग घडीवर फुटतोच, म्हणून मी आता डिझाइन काढतानाच घडीजवळ फिकट रंग ठेवते.

मग आला 2019 चा ऑगस्ट. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं आणि आमच्या पुढच्या खोलीत शिरलं. प्रिंटर आम्ही वेळेत वर नेला, गणपतीसाठी भरून ठेवलेला कागद मात्र राहिला. साधा कागद भिजला तर निदान सुटा होतो, ग्लॉसी भिजून वाळला की एकमेकाला असा चिकटतो की पाकीटच्या पाकीट वीट होऊन बसतं. तसल्या अकरा विटा कचऱ्याच्या गाडीत टाकल्या, त्या दिवशी दोघंबी काही बोललो नाही. 2021 च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा सगळा कागद माळ्यावर होता.

पूर नसला तरी पावसाळा आहेच. इथली दमट हवा चकचकीत कागदाला आवडत नाही, एका बाजूनं कोटिंग असल्यामुळं तो ओल ओढून पन्हाळी पडल्यासारखा वळतो. पाकीट फोडलं की लागतील तेवढेच काढायचे, बाकीचे प्लास्टिकमधे बंद करून आडवे, वर जाड पुस्तकाचं वजन. छापलेली कार्डं लगेच एकावर एक रचायची नाहीत, रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवायची आणि मगच लिफाफ्यात. आणि प्रिंटच्या सेटिंगमधे कागद 'ग्लॉसी' असा निवडायला विसरू नका, साधा कागद ठेवला तर छपाई बिघडते आणि मग लोक कागदाला शिव्या घालतात.

आता राजारामपुरीत छोटा गाळा आहे, एक मुलगी मदतीला असते, आणि मोठ्या ऑर्डरी आम्ही बाहेर ऑफसेटवर देतो, तिथं मात्र तेच आर्ट कार्ड, चाळीस कार्डं खाल्लेलं. वजनकाटा गाळ्यातच आहे, सासूबाई दर दिवाळीला मागतात, करंजीचा मैदा मोजायला.