उशीचं पोट, खोक्याचं मशीन

आमच्या महिला मंडळाचं संमेलन दरवर्षी श्रावणात, मंगळागौरीला जोडून व्हायचं. सकाळी एखाद्या नव्या नवरीकडे पूजा, रात्री हॉलमध्ये जागरण. वाटली डाळ, मटकीची उसळ, आणि मग पहाटेपर्यंत झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा, लाट्या बाई लाट्या. एरवी गुडघे धरून जिना चढणाऱ्या बायका काष्टा मारून अशा काही फुगड्या घालायच्या की आम्हा पोरींनाच धाप लागायची. पुरुषांना आत मज्जाव. त्यामुळे पदराची काळजी नाही, हसण्याला हिशेब नाही.

मला सगळ्यात आवडायचं ते मधलं नाटुकलं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानेच केला, 1988 साली. तरी सोनोग्राफीची मशिनं गावोगाव पोचली आणि चोरून तपासण्या चालूच राहिल्या. आमच्या नाटुकल्यात टीव्हीचा रिकामा खोका म्हणजे मशीन. आत नववीतली एक मुलगी बॅटरी घेऊन बसायची. सुनेच्या पोटाला उशी. डॉक्टर तोंडाने काही बोलायचा नाही, नुसती मिठाई पुढे करायचा: पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. बर्फी दिसली की हॉल हसायचा, पण मागच्या रांगेतल्या दोघीतिघी हसत नसत.

एका वर्षी सुनेने संवाद सोडून सासूला फुगडीत ओढलं. वेग वाढला आणि उशी निसटून थेट पेटीवालीच्या पुढ्यात. "अगं बाळ पडलं, उचल आधी!" कुणीतरी ओरडलं. तिनेही उशी उचलून सरळ पदराखाली घेतली आणि पाजायला बसली! तालमीत यातलं काही नव्हतं. नाटक म्हणावं असं मी तिथे पाहिलं ते हेच.

2001 च्या जनगणनेनंतर अध्यक्षबाईंनी आकडे माइकवर वाचले. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत राज्यात हजार मुलग्यांमागे 913 मुली. 1991 मध्ये त्या 946 होत्या. त्या रात्री उसळीच्या ताटांभोवती बायका स्वतःच्या तपासण्यांबद्दल बोलल्या, कुणाचं नाव न घेता. (2011 ला आकडा 894 वर आला. नाटुकल्याने जग बदलतं असं आम्ही कधी म्हटलंच नाही.)

आता मंगळागौरीच्या स्पर्धा असतात, एकसारख्या साड्या, रेकॉर्डवरची गाणी, समोर मोबाइल धरलेले नवरे. मला नाही रुचत. मोबाइल आला की बायका पुन्हा पदर सावरायला लागतात.

पण नाटुकलं टिकलं आहे. गेल्या खेपेला सुनांनी बाळासाठी अंगावरचं दूध काढून ठेवायच्या ब्रेस्ट पंपावर केलं: ऑफिसात खोली मिळेना, म्हणून एकजण जिन्याखाली पंप लावून बसलेली आणि फोनवर साहेबांची मीटिंग चालू. संपल्यावर आज्यांनी तो पंप मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला. त्यातल्या एक बँकेत होत्या. म्हणाल्या, "हे तेव्हा असतं ना, तर मी राजीनामा दिला नसता गं."