फाइल डिलीट होत नाही? आधी मेसेज वाचा

कोल्हापुरात राजारामपुरीतलं डीटीपी सेंटर असो, उद्यमनगरातल्या वर्कशॉपचं ऑफिस असो की मार्केट यार्डातली गुळाची पेढी, विंडोजवर एखादी फाइल जाईना झाली की बहुतेक जण पुन्हा पुन्हा डिलीट दाबत बसतात, नाहीतर नेटवरून कुठलं तरी फुकट ‘अनलॉकर’ उतरवून घेतात. ते अनलॉकर कृपा करून टाकू नका. अशा सॉफ्टवेअरच्या पोटात बऱ्याचदा जाहिरातींचा कचरा येतो, आणि त्याची गरजही नसते. फाइल का अडली ते मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. कारण वेगळं, तसा उपाय वेगळा.

सगळ्यात जास्त दिसणारा मेसेज म्हणजे ‘फाइल इज ओपन इन’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव. प्रोग्रॅम फाइल उघडतो तेव्हाच ती दुसऱ्या कुणाला डिलीट करू द्यायची की नाही हे विंडोजला सांगून ठेवतो. कोरलड्रॉचं नाव आलं तर कोरल बंद करा, विषय मिटला. नाव ‘विंडोज एक्सप्लोरर’ असेल तर बहुतेक वेळा उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन ती पीडीएफ धरून असतो. ऑल्ट आणि पी दाबून तो बंद करा.

‘अनदर प्रोग्रॅम’ एवढंच लिहिलं असेल तर शोध घ्यावा लागतो. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधून रिसोर्स मॉनिटरमध्ये जा, सीपीयूच्या टॅबमध्ये ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधपट्टीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका (हँडल म्हणजे प्रोग्रॅमने उघडलेल्या फाइलसाठी विंडोजने त्याला दिलेला नंबर). फाइल धरून बसलेली प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, खाली दिसते. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज (छोट्या टूल्सचा संच) टाकलेलं असेल तर त्यातलं फाइल लॉकस्मिथ राइट क्लिकवरच हे सांगतं. दुसरीकडचं काम सेव्ह करून ती प्रोसेस बंद करा. मायक्रोसॉफ्टच्याच प्रोसेस एक्सप्लोरर या टूलमध्ये नुसतं हँडल तोडायचीही सोय आहे, पण ती वापरू नये. प्रोग्रॅमला हँडल तुटल्याचं कळत नाही. तोच नंबर पुढे दुसऱ्या फाइलला मिळाला तर प्रोग्रॅम भलत्याच फाइलमध्ये लिहीत सुटतो.

‘मशीन बंद करून चालू केलं तरी तेच’ ही तक्रार नेहमीची. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. शट डाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण ड्रायव्हर आणि सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तशीच परत येते. फाइल एखाद्या सर्व्हिसने धरली असेल तर पकड कायम राहते. म्हणून शट डाउन नको, रीस्टार्ट करा.

फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर तिला धरणारा दुसऱ्या टेबलावर असतो. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथे कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, मग ओपन फाइल्स पाहा. कोणत्या युजरने काय उघडलंय ते तिथे दिसतं. त्याला विचारून बंद करायला लावा. टॅलीच्या डेटा फोल्डरच्या बाबतीत तिथून जबरदस्तीने बंद करणं म्हणजे हिशेब बिघडवणं आहे. सगळ्या मशीनवरची टॅली आधी नीट बंद करा. ऑटोकॅडमध्ये उलटा प्रकार होतो. मशीन मध्येच बंद पडलं की ड्रॉइंगशेजारी डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ या लपलेल्या फाइल्स उरतात आणि ड्रॉइंग कुणीतरी वापरतंय असं वाटत राहतं. खरंच कुणी उघडलेलं नाही याची खात्री करून त्या दोन्ही काढून टाका.

पत्रिकांच्या सीझनला छपाईवाल्यांना छळते ती ‘डिलीटिंग’ लिहून रांगेत अडकलेली प्रिंट. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स असं आत जा, तिथल्या फाइल्स डिलीट करा (फोल्डर ठेवा), स्पूलर पुन्हा चालू करा. रांगेतल्या बाकीच्या प्रिंटही जातात, त्या परत द्याव्या लागतील.

नावाच्या भानगडीकडे मात्र फार कमी लोक बघतात. एक्सप्लोररला साधारण २६० अक्षरांपर्यंतचा पत्ता झेपतो, आणि त्यात ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचे सगळे फोल्डर मोजले जातात. मराठी नावांत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येक वेगळं धरलं जातं. ‘कोल्हापूर’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, विंडोजसाठी ते नऊचं आहे. वरच्या फोल्डरला नंतर लांबलचक नाव दिलं की आतल्या फाइल्स मर्यादेबाहेर जातात. मग वरून सुरुवात करून फोल्डरांना ‘अ’, ‘ब’ अशी एकाक्षरी नावं द्या आणि मग डिलीट करा. सेव्हन-झिपच्या फाइल मॅनेजरमधून शिफ्ट-डिलीट केलं तरी चालतं, पण ती फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही.

नावाच्या शेवटी टिंब किंवा स्पेस असेल तर फाइल समोर दिसत असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. विंडोज पत्ता वाचताना शेवटचं टिंब गाळतं आणि भलतंच नाव शोधतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये डेल (del) लिहून, अवतरणात पूर्ण पत्त्याआधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ (\\?\) द्या. त्याने नाव जसंच्या तसं वाचलं जातं.

‘परमिशन’ मागणारा मेसेज जुन्या मशीनची हार्ड डिस्क जोडली की हमखास येतो. त्या फाइल्सचा मालक जुन्या मशीनवरचा युजर असतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, ओनरसमोर चेंज असं जाऊन मालकी स्वतःकडे घ्या, आतल्या सगळ्यांना लागू करायच्या चौकटीत टिक करा, मग स्वतःला फुल कंट्रोल द्या. मालक ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ दिसला तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. तिला हात लावू नका.

‘राइट प्रोटेक्टेड’ आलं की मेमरी कार्डाच्या कडेची छोटी पट्टी लॉककडे सरकलेली नाही ना, ते आधी बघा. पेनड्राइव्हवर डिलीट केलेल्या फाइल्स काढून-लावल्यावर जशाच्या तशा परत दिसत असतील तर बहुधा आतली फ्लॅश मेमरी झिजून निकामी झाली आहे. तिथे कुठलीही कमांड चालत नाही. वाचता येतंय तोवर डेटा दुसरीकडे घ्या आणि तो पेनड्राइव्ह ग्राहकांच्या कामाला पुन्हा वापरू नका.