मुंबई–दिल्ली विमानप्रवास: अंतर १,१३७ किलोमीटर, मग सव्वादोन तास का?

मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण १,१३७ किलोमीटर भरतं. ए३२० जातीचं विमान वर पोचलं की ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेग धरतं. नुसता भागाकार केला तर दिल्ली दीड तासाच्या आत यायला हवी. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासची वेळ असते, कारण ती वेळ हवेतली नव्हेच. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून दिल्लीत ते जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो.

पहिली वीसेक मिनिटं मुंबईतच जातात. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत विमानांची रांग लागते ती त्यामुळेच. बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेला समुद्राकडे होतं आणि दिल्ली तर उत्तरेला, जराशी ईशान्येकडे. म्हणजे समुद्रावर वळण घेऊन मग उत्तर धरायची. शिवाय वर चढताना वीसएक मिनिटं पूर्ण वेग नसतोच.

नकाशावर रेघ ओढली तर ती रतलाम आणि कोट्याच्या जवळून जाते, म्हणजे राजधानी एक्स्प्रेसच्याच वाटेने. प्रत्यक्ष मार्ग रोज थोडा इकडेतिकडे सरकतो. तो या रेषेजवळ राहिला आणि हवा स्वच्छ असली, तर चंबळेवरचा गांधी सागर जलाशय उजव्या खिडकीतून दिसू शकतो. त्यासाठी मी दिवसाचं विमान आणि पंखाच्या पुढची खिडकी सुचवेन.

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. मार्ग ईशान्येकडे थोडासाच कलता असल्याने त्यांचा जेमतेम चाळीस टक्के जोर कामी येतो. वारा ताशी १८० किलोमीटरचा असेल तर जाताना सुमारे ७० चा रेटा मिळतो आणि येताना तेवढाच विरोध होतो. जाण्यायेण्यात फरक पडतो तो फार तर पंधराएक मिनिटांचा. वेळापत्रक कोलमडतं ते वाऱ्याने नाही, धुक्याने.

डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं पडतं. तिथे कॅट-३बी यंत्रणा आहे. तिच्या मदतीने धावपट्टीवरची दृश्यता ५० मीटरपर्यंत घसरली तरी उतरता येतं, पण त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकांचं तसं प्रशिक्षण झालेलं हवं. तसं नसेल तर दुसऱ्या शहरात उतरावं लागतं, नाहीतर मुंबईतच थांबवून ठेवतात. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणून तासाला कमी विमानं उतरतात आणि सकाळी साचलेला उशीर दुपारपर्यंत रेंगाळतो. या दोन महिन्यांत दिल्लीला दुपारी बारानंतर पोचणारं विमान घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

दिल्लीहून पुढे परदेशी जायचं असेल आणि तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मध्ये किमान चार तास ठेवा, धुक्याच्या दिवसांत सहा. टर्मिनल १ वर उतरलात तर टर्मिनल ३ गाठायला रस्त्याने जावं लागतं, बॅगा स्वतः घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात, आणि पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शहरात जाणाऱ्यांसाठी टर्मिनल ३ सोयीचं, तिथून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला नेते.